शिसपेन्सिलीचे गोल

कॉडवर बंदी आली त्या हिवाळ्यात
सरकारनं आमच्या खाडीत एक बाई पाठवली,
तिच्याबरोबर गठ्ठाभर कागद
आणि टोकं काढलेल्या पेन्सिलींचं खोकं.
चर्चच्या तळघरात, एरवी जिथे पत्ते चालत,
न्यूफाउंडलंडचे हे सगळे दर्यावर्दी
टोप्या मांडीवर घेऊन बसले,
दात काढून घ्यायला आल्यासारखे.

"यात बरोबर-चूक असं काही नसतं," बाई म्हणाली.
लिअँडर हिस्कॉक उठलाच.
मग विचारता कशाला, म्हणाला, आणि घरी गेला.

बापाला वाचता येत नव्हतं.
गावाला ठाऊक होतं, गाव बोलत नसे.
मी सोळाची. शेजारी बसले,
म्हटलं, त्यांचा चष्मा फुटलाय.
चष्मा त्याला कधी नव्हताच.
बाईनं त्याच्या नाकाकडे पाहिलं. हरकत नाही, म्हणाली.

मला एकट्यानं काम करायला आवडतं.
बाप म्हणाला, मी आणि सेल्बी.
एकच होडी, एकतीस वर्षं.
बोलायचात काय?
कशाला बोलायचं?
ओळीपुढे पाच गोल, पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत.
मी मधला काळा केला.

मी निर्णय मनानं नाही, डोक्यानं घेतो.
तो गप्प. मग उजव्या गुडघ्यावर थाप मारली:
वारा ईशान्येला वळायच्या आधी हा ठणकतो.
गुडघ्यासाठी गोल नव्हता.

अनोळखी माणसांत मी सहज मिसळतो.
एक पोर्तुगीज खलाशी होता, म्हणाला, तुझ्या जन्माआधी,
पाय सडलेला. नऊ दिवस आपल्या चुलीपाशी.
त्याचा शब्द मला कळेना, माझा त्याला.
निघाला तेव्हा दोघं रडलो.
लिही काय ते.
मी लिहिलं, पूर्ण असहमत.
त्या वयात मला वाटायचं, बाप माणूसघाणा आहे.

असे एकशे वीस.
तो गोष्ट सांगायचा, मी गोल निवडायचे.
मध्येच कंटाळून
आठ-दहा गोल तर मी त्याला न विचारताच भरले.

शेवटून तिसरा अजून आठवतो:
माझ्या आयुष्याची खरी हाक मला ऐकू आली आहे.
हाक?
हो, हाक.
धुकं उतरलं की तुझी आई खडकावर उभी राहून
पातेलं बडवायची.
ते ऐकू यायचं.
हो म्हण.

मार्चमध्ये पाकीट आलं.
आपण अंतर्मुख आहात. आपण विश्लेषक आहात.
आपल्याला शोभतील अशी कामं:
ग्रंथपाल, घड्याळजी, मधमाश्यापालन.
बाप म्हणाला, पहिलं पुन्हा वाच.
ग्रंथपाल काय करतो?
मी म्हटलं, ज्याची त्याची वस्तू जागच्या जागी ठेवतो,
मागेल त्याला देतो,
आणि कुणी फार बोललं तर गप्प बसवतो.
एवढंच? मग जमेल की.

जमलं नाही अर्थात.
मासळीच्या रिकाम्या कारखान्यात रात्रीची राखण मिळाली त्याला,
थंड यंत्रं राखायची, त्यांना कोण नेणार होतं!
पण सेल्बी त्याला मरेपर्यंत
'ग्रंथपालसाहेब' म्हणत राहिला.
एकतीस वर्षांत बोलला नसेल
इतक्या वेळा.

तो कागद आता माझ्याकडे आहे,
होडीच्या विम्याबरोबर घडी घातलेला.
अंतर्मुख. विश्लेषक. अनोळखी माणसांत अवघडणारी व्यक्ती.
व्यक्ती, असं लिहिलंय. बाप की लेक,
ते कागदाला कळलेलं नाही.

काल सेंट जॉन्सच्या ऑफिसनं तसलीच चाचणी धाडली,
सगळ्यांना, शुक्रवारपर्यंत.
आता गोल पडद्यावर असतात, बोट लावलं की भरतात.
मला एकटीनं काम करायला आवडतं.
बराच वेळ बसले.
उजवा गुडघा ठणकल्यासारखा झाला.
उठून खिडकीतून पाहिलं,
वारा अजून नैऋत्येचाच होता.